मापाच्या वेळी कमी म्हणू नये

आंबील आंबायला घातली की मला लातूरचा दवाखाना आठवतो. आंबिलीच्या वासानं दुसऱ्या कुणाला शेत आठवेल, माहेर आठवेल. मला लोखंडी खाट आठवते, खिडकीखालचा रिकामा रस्ता आठवतो आणि जाड कागदावर छापलेले पाच गोल चेहरे आठवतात. पहिला हसरा, शेवटचा रडका, मधले तीन एकेक पायरी उतरत गेलेले.

औंदाही मडकं घासून उन्हात ठेवलं. ताकात ज्वारीचं पीठ कालवलं, वर फडकं बांधलं. उठताना भिंत धरावी लागली, ते सुनेनं पाहिलं.

"आत्याबाई, मला सांगायचं की. गुडघा दुखून राहिला तुमचा."

"गुडघ्याला काय धाड भरली? बरा हाय."

सून पुन्हा चुलीकडं वळली. तिची मोठी पोर, माझी नात श्रावणी, तिथंच हरभऱ्याची भाजी निवडत होती. आम्ही तिला शाऊ म्हणतो. सातवीत आहे. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा भाजीत घातली. ते पाहणं माझ्या ओळखीचं आहे. असंच तिनं एकदा दवाखान्यात माझ्याकडं पाहिलं होतं, आणि इतक्या वर्षांत ते माझ्या डोक्यातून निघालेलं नाही.

पोर जगली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा तेवढं कळण्यासाठी शेवटपर्यंत जीव मुठीत धरील आणि मला काय म्हणायचंय ते राहूनच जाईल. डॉक्टरांनी तिला वाचवलं. तिचं दुखणं तिच्या तोंडून बाहेर पडायचं, ते तोंड मात्र मी बंद केलं. ते पुन्हा उघडेल का, याचाच घोर मला तेव्हापासून आहे.

ज्यांच्याकडं येळवस नसते त्यांच्यासाठी थोडं सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या, आमच्या तोंडी येळवस. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरत असतात, करडईचे काटे पायाला लागायला लागतात. त्या दिवशी घरात कुणी राहत नाही. शेतात कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, पुजायचे आणि रानातच जेवायचं. आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर आणि भज्जी. ही भज्जी तळलेली नसते. तुरीचे ओले दाणे, वाल, मेथी, हरभऱ्याचा पाला, रानात जे असेल ते सगळं बेसनात शिजवायचं. आंबिलीचं मडकं घोंगडी पांघरलेल्या माणसाच्या डोक्यावरून शेतात येतं. पाहुणा रस्त्यानं चालला असेल तर त्याला हाताला धरून पंगतीला बसवतात. ज्याला शेत नाही तो ज्याला आहे त्याच्याकडं जातो. माझं माहेर औशाच्या रस्त्याला, लातूरपासून जवळ. दिलं मला नांदेडकडं, नायगाव तालुक्यात. सासरीही येळवस होते, पण लातूरकडचा थाट निराळा. त्या दिवशी सगळं लातूर शहर ओस पडतं. दुकानांना कुलपं, रस्त्याला कुत्रं नाही. बाहेरचा माणूस आला तर त्याला वाटावं, काहीतरी वंगाळ घडलंय.

मी ते ओस पडलेलं लातूर वरून पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरून, शाऊला मांडीवर घेऊन.

ती तेव्हा सात वर्षांची होती. आधी ताप, मग अंगावर निळे डाग. मी सुनेला म्हणाले, खेळताना पडली असंल. नांदेडच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि लातूरला जायला सांगितलं. रक्ताचा कॅन्सर. आमच्या घरात तो शब्द कुणी मोठ्यानं उच्चारला नाही, जणू नाव घेतलं की तो ओसरीवर येऊन बसेल. सुनेच्या अंगावर तान्हं पोर होतं. मुलाला शेत सोडता येईना. राहिले मी. चौथी शिकलेली, दवाखान्यात कधी पाय न ठेवलेली. चार लेकरं घरीच जन्माला घातलेली बाई. मी शाऊबरोबर गेले आणि आमचं जवळजवळ वर्ष त्या वार्डात निघालं.

वार्डातली सगळी पोरं टकली. शाऊ पहिल्या दिवशी घाबरली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यात मिसळली. सलाईनच्या चाकाच्या खांबाला तिनं खोंड म्हणायला सुरुवात केली. माझ्या लुगड्याची चिंधी त्याला बांधली, तिचा कासरा केला आणि त्याला हाकत वार्डभर फिरायची. "हुर्र, चल, वळ की मेल्या." सिस्टर म्हणायची, "शाऊ, तुझ्या खोंडाला बाजूला घे, औषधाची गाडी जाऊ दे." शाऊ तिलाच म्हणायची, "त्याला शिंगं हायत, तुम्हीच बाजूला व्हा." असा आवाज होता तिचा. मी हे मुद्दाम लिहिते आहे. तिला आधी बोलता येत होतं.

मग मेघा आली. नांदेडची मुलगी, लातूरला शिकायला राहिलेली, अभ्यासाच्या कामासाठी वार्डात यायची. हातात ते चेहरे. शाऊनं तिचं नाव चेहऱ्याची ताई ठेवलं.

मेघा माझ्या शेजारी खाटेवर टेकली आणि म्हणाली, "आजी, रक्त तपासलं की औषध लागू पडतंय का ते कळतं. पण पोरांना झोप लागते का, खेळावंसं वाटतं का, कशाची भीती वाटते, कुठं दुखतं, हे रक्तात दिसत नाही. ते त्यांना विचारावं लागतं. आम्ही ते मोजतो. अधूनमधून मोजत राहिलं की कमीजास्त समजतं आणि डॉक्टरांना औषधात काही बदलायचं असलं तर बदलता येतं."

"पोरगी काय ज्वारी हाय का, मोजायला?" मी म्हणाले. "आन् रडणं कशात मोजता, शेरात का लिटरात?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. मेघाही हसली. "त्यासाठीच हे चेहरे आणलेत, आजी. मी एक गोष्ट विचारणार, शाऊ चेहऱ्यावर बोट ठेवणार. तुम्हालाही तिच्याबद्दल विचारीन, पण वेगळं. तेवढा वेळ तुम्ही बाहेर बाकड्यावर बसाल का?"

"काऊन? मी चोर हाय का? माझ्याबिगर पोर पाणी पीत न्हाई."

मेघा लहान होती, मी मोठी. तिनं जास्त ताणलं नाही. मी खाटेवरच बसले.

इतकं सरळ सांगितलं होतं तिनं. डॉक्टरांना औषध बदलता येतं, हेही सांगितलं होतं. माझ्या कानात त्यातलं एकच राहिलं, मोजतो.

मोजणं म्हणजे काय ते मला माझ्या बापाच्या खळ्यावर कळलेलं होतं. ज्वारीची रास पडली की मोजणारा माणूस उगवतीकडं तोंड करून बसायचा. डोक्याला पटका, पायात काही नाही. पहिली पायली भरली की तो एक म्हणायचा नाही, लाभ म्हणायचा. लाभ, मग दोन, मग तीन. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, कुणी रिकाम्या पोत्याकडं बघायचं नाही, आणि कमी हा शब्द तर मनातही आणायचा नाही. रास ऐकते, असं आई म्हणायची. ऐकली की खाली बसते.

मी शाऊएवढीच असेन. खळ्यावर उभी होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बापू, औंदा लई कमी हाय ओ."

बापानं सगळ्यांसमोर माझ्या कानशिलात दिली. रास खरंच कमी होती. आंधळ्यालाही दिसली असती. पण मी बोलले म्हणून ती कमी झाली, असं घरात ठरून गेलं. पुढं उन्हाळ्यात कणगीचा तळ लागला तेव्हा आई कणगीत हात घालायची आणि माझ्याकडं पाहायची. मी त्या उन्हाळ्यात दोन घास कमी खाल्ले, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

अशी शिकलेली बाई मी. मेघा पुन्हा यायच्या आदल्या दिवशी शाऊला समोर बसवलं, खळ्यावरची ती गोष्ट सांगितली.

"बग शाऊ, ताई उद्या माप घ्यायला येईल. मापाला बसलं की कमी म्हणायचं न्हाई. दुखतंय म्हणायचं न्हाई. कळलं?"

"मग काय म्हणायचं?"

"लाभ म्हणायचं. पहिल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं आन् म्हणायचं, लाभ."

"ते खोटं न्हाई का?"

"मापाच्या वेळी खरं-खोटं नसतं."

तिला तो खेळ वाटला. दुसऱ्या दिवशी मेघानं विचारलं, झोप लागली का? बोट हसऱ्यावर, "लाभ." भूक लागली का? "लाभ." सुईची भीती वाटते का? तिचा हात जरा थांबला. तिला सुईची लई भीती वाटायची, सुई आणणाऱ्या सिस्टरची पावलंही ती ओळखायची. मी खोकले. "लाभ."

"लाभ म्हणजे काय गं?" मेघानं विचारलं.

"म्हणजे एक."

मेघाला गंमत वाटली. मला विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं, बरं हाय, समदं बरं हाय. मेघा म्हणाली, शाऊ किती धीराची आहे. मला तेव्हा अभिमान वाटला. आज हे लिहायची लाज वाटते, पण वाटला. बाजूच्या खाटेवरचा पोरगा रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवायचा आणि त्याची आई डोळे पुसायची. मला वाटायचं, हिला पोराला वळण लावता आलं नाही.

थंडी वाढली. लातूरच्या बाजारात ओल्या तुरीच्या शेंगा आल्या असणार, हे मला दवाखान्यात बसून कळायचं, कारण भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्यांना तो वास असायचा. शाऊनं खोंड हाकायचं कमी केलं. मग बंदच केलं. खांब खाटेशेजारी उभा असायचा, चिंधी लोंबत.

"आजी, पायात मुंग्या येऊन राहिल्या."

"बसून बसून येतात. थांब, तेल लावते."

मी तिळाचं तेल कोमट करून आणायचे आणि तिचे तळपाय चोळायचे. ती डोळे मिटून पडायची. एकदा म्हणाली, "तू चोळतीस का? मला वाटलं थांबलीस." मी चोळतच होते. माझा हात तिथंच थांबायला हवा होता. मी आणखी जोरानं चोळलं.

चालताना तिच्या उजव्या पायातली चप्पल गळून पडायची. मागं चप्पल राहायची आणि ही तशीच पुढं जायची, तिला कळायचं नाही. मी उचलून आणायचे आणि म्हणायचे, "डोळे फुटले का? ध्यान कुठंय तुझं?" जबडा दुखतो म्हणून भाकरी चावायची नाही. मी म्हणायचे, नखरे. सगळं मला दिसत होतं. मी काही आंधळी नव्हते. रास कमी आहे हे खळ्यावर सगळ्यांनाच दिसतं. मी बोलत नव्हते, एवढंच. बोललं की बसेल. बोललं की डॉक्टर म्हणतील, हिला औषध सोसत नाही, घेऊन जा घरी. मग कणगीत हात घालून सगळे माझ्याकडं पाहतील.

येळवशीच्या दिवशी वार्डात दोनच सिस्टर होत्या. बाकीच्या शेतात. शाऊ खिडकीला नाक लावून बसली. "आजी, माणसं कुठं गेली?"

"शेतात."

"समदी?"

"समदी."

"आपण काऊन न्हाई?"

तिचं रक्त त्या आठवड्यात उतरलेलं होतं. बाहेर न्यायचं नाही, बाहेरचं खायला द्यायचं नाही, ताकाचं आंबवलेलं तर मुळीच नाही, असं वार्डाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी तिला तसं सांगितलं. ती समजल्यासारखी मान हलवत राहिली.

दुपारी माझ्या भावाच्या सुनेनं डबा पाठवला. भज्जी, उंडे आणि किटलीत आंबील. तो मी शाऊला दिसू दिला नाही. व्हरांड्याच्या टोकाला नळ होता, तिथं भिंतीकडं तोंड करून उभी राहिले आणि आंबील प्याले. दोन घोट घ्यायचं ठरवलं होतं. किटली रिकामी केली. लसणाची, कोथिंबिरीची, आमच्या माहेरची आंबील. पिताना मला एक क्षणही शाऊ आठवली नाही. पदरानं तोंड पुसलं, चूळ भरली आणि आत आले.

ती माझ्या मांडीवर सरकली. तोंडाजवळ नाक आणलं.

"आजी, तू येळवस केलीस."

"न्हाई गं."

"वास येऊन राहिला."

तेवढ्यात मेघा आली. ती नांदेडला गेली नव्हती, इथंही तिचं शेत नव्हतं. म्हणाली, "शहर रिकामं पाहून कंटाळा आला, म्हटलं शाऊला भेटावं." आणि चेहरे काढले. एकेक विचारत गेली. मग विचारलं, "या आठवड्यात इतरांना जे करता आलं ते आपल्याला करता आलं नाही म्हणून वाईट वाटलं का?"

शाऊनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडाला अजून वास असणार. मी काही म्हणाले नाही, खोकलेसुद्धा नाही. तिनंच बोट उचललं, हसऱ्या चेहऱ्यावर ठेवलं आणि माझ्यावरची नजर न काढता म्हणाली, "लाभ."

त्या दिवशी मला कळलं की आता मला खोकायची गरज उरलेली नाही.

पुढं एका सकाळी डॉक्टरीणबाई वजनकाट्यापाशी उभ्या होत्या. शाऊ खाटेवरून उतरून त्यांच्याकडं निघाली. उजवं पाऊल फटफट आपटत होतं, ओल्या फडक्यासारखं. चप्पल मध्येच गळली. ही काट्यावर जाऊन उभी राहिली, एका पायात चप्पल, एक पाय उघडा. डॉक्टरीणबाईंनी वजन पाहिलंच नाही. मागं जाऊन ती चप्पल उचलून आणली आणि शाऊच्या समोर खाली बसल्या.

"शाऊ, ही पडली ते कळलं तुला?"

शाऊनं माझ्याकडं पाहिलं.

"आजीकडं नको. माझ्याकडं बघ. पायात कसं वाटतं?"

पोरीचा ओठ हलला. मला वाटलं, सांगेल. मनातून मी म्हणतही होते, सांग, सांग बाई आता. ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "लाभ."

डॉक्टरीणबाईंना त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला. त्यांनी तिच्या तळपायावर पेनाचं टोक फिरवलं, गुडघ्याखाली टिचकी मारली, मग उभ्या राहून माझ्याकडं वळल्या.

"आजी, तुम्हाला माहीत होतं?"

"मुंग्या येतात म्हणायची."

"मग सांगितलं का नाही?"

मी शाऊकडं पाहिलं. शाऊ माझ्याकडं पाहत होती. एवढी मोठी बाई मी, आणि उत्तरासाठी सात वर्षांच्या पोरीच्या तोंडाकडं बघत उभी राहिले.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. म्हणाल्या, एका औषधानं काही पोरांच्या नसांना असं होतं, लवकर कळलं की ते कमी करता येतं. आता कमी करू. पाय बराच सुधारेल, सगळा सुधारेल असं मात्र आज सांगत नाही. मग पायाला पट्टा आला, व्यायाम आला. मेघानं ऐकलं तेव्हा तिचं तोंड उतरलं. "चुकलं माझं, आजी. तुम्हाला बाहेर बसवायला हवं होतं." मला तिला सांगायचं होतं की चूक तुझी नाही बाई. तेही मी सांगितलं नाही.

मी पुष्कळदा विचार केला, असं का केलं असेल मी. खळ्याचं कारण खरं आहे, पण तेवढंच नाही. आमच्याकडं बाईच्या वतीनं कुणीतरी बोलतच आलंय. मला पाहायला आले तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, भाकरी येते का, पाणी आणते का, रानात जाते का. सगळ्याला माझ्या बापानं उत्तर दिलं. मी खाली बघत होते. लग्नानंतर पोट दुखायचं म्हणून नांदेडला डॉक्टरकडं नेलं. कुठं दुखतं ते आमचे मालक सांगायचे. ते सांगायचे तिथं डॉक्टर दाबायचा, आणि मी मान हलवायचे. दुखत होतं दुसरीकडंच. चार महिने भलत्याच दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या. मला हे सगळं माहीत होतं. दुसऱ्यानं आपलं दुखणं सांगितलं की काय होतं, ते माझ्या पोटाला माहीत होतं. तरी हातात एक पोर आली, बोलण्याची पाळी पहिल्यांदा माझ्याकडं आली, आणि मी मालकांसारखीच बोलले.

शाऊ घरी आली. केस आले, आधीपेक्षा दाट. पाय पुष्कळ सुधारला. दमली की उजवं पाऊल ओढते, एवढंच लोकांना दिसतं. मला दिसतं ते वेगळं आहे. ती तक्रार करत नाही. गावातल्या बाया म्हणतात, काय गुणाची पोर, एवढं सोसलं पण कधी हूं न्हाई का चूं न्हाई. त्या असं म्हणाल्या की मी उठून आत जाते. शाळेत बाई विचारतात, पळशील का? ती हो म्हणते, पळते आणि पडते. ताप भरला तर अंगाला हात लावून आम्हाला कळतो. काय होतंय विचारलं की एकच, बरं हाय. माझ्याच तोंडातलं. सिस्टरला बाजूला व्हा म्हणणारी ती पोर मी वर्षभरात मोडून अशी गुणाची करून आणली.

औंदा येळवशीच्या आधी लातूरला तपासणीची तारीख आली. दरवर्षी जातोच. नायगावहून नांदेड, नांदेडहून लोहा, अहमदपूर करत लातूर. दोन्ही बाजूंना हरभरा हिरवागार, गाडीची काच बसेना म्हणून गार वारा. शाऊ खिडकीशी बसली होती. मी तिला म्हणाले, "थंडी वाजते का?" म्हणाली, "न्हाई." हातावर काटा आला होता तिच्या.

मेघा आता तिथंच नोकरीला आहे. केस कापलेत, चष्मा लागलाय. चेहरे आता काचेच्या पाटीवर आहेत, बोट लावलं की उजळतात. मला पाहून ती जरा अवघडली. म्हणाली, "आजी, आता मुलं मोठी झाली की आम्ही..."

"मी बाहेर बसते," मीच म्हणाले.

दार लोटलं गेलं. बाहेर तेच बाकडं होतं की दुसरं, कोण जाणे. मी बसले. मग उठून दाराला कान लावला. हो, लावला. आत कुणाचा तरी आवाज होता, शब्द कळेना. समोरून एक सिस्टर आली तशी पुन्हा बसले. मला वाटलं होतं, पाच मिनिटांत बाहेर येईल. सगळ्याला पहिला चेहरा दाखवायला वेळ किती लागतो? ती लवकर आली नाही. बाकड्यावरची माणसं बदलली तरी आली नाही. इतका वेळ ती आत काय सांगत असेल, या विचारानं मला भीतीही वाटली आणि बरंही वाटलं. कशाचं जास्त, ते आज सांगता येणार नाही.

आली तेव्हा डोळे लाल होते.

"काय इचारलं ताईनं?"

"इचारायचं ते."

"तू काय सांगितलंस?"

"हाय ते."

गाडीत तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोप काढली.

येळवशीला आम्ही सगळे शेतात गेलो. मुलानं खोप चांगली केली होती. पांडवांपुढं अनवाणी जायचं असतं, म्हणून बांधावर चपलांचा ढीग पडला. पूजा झाली, रानात आंबील शिंपडली, जेवणं झाली. पुरुष माणसं झाडाखाली आडवी झाली, सून भांडी घेऊन विहिरीवर गेली. शाऊ माझ्याशेजारी पाय पसरून बसली होती, ओला हरभरा सोलत. तिच्या उजव्या तळपायात सराटा रुतलेला मला दिसला. भोवती रक्त येऊन वाळलंही होतं.

"अगं, सराटा हाय की पायात."

तिनं पाय वळवून पाहिला. "असंल."

"दुखलं न्हाई का?"

"त्या पायाला खालून कळत न्हाई. चप्पल हाय का न्हाई ते मी बघून घेते."

मी तिचा पाय मांडीवर घेतला. काटे एकेक करून सोडवायला लागले. ती हरभरा खात माझ्या हाताकडं पाहत होती, दुसऱ्या कुणाचा पाय असल्यासारखी.

"कवापासून कळत न्हाई?"

"तवापासूनच."

"ताईला सांगितलंस का हे?"

"हाव."

"मला का न्हाई सांगितलं आजवर?"

"तू बाहेर बसलीस म्हणून तर सांगता आलं," ती म्हणाली. रागानं नाही. घाटा सोलता सोलता म्हणाली.

सराटा निघाला. मी तो बांधापलीकडं फेकला, तिचा पाय पदरानं पुसला आणि खाली ठेवला. उठायला गेले तर गुडघ्यानं कळ मारली, पुन्हा बसले. शाऊ उभी राहिली. तिनं हात पुढं केला, मी धरला.

"गुडघा दुखतो का?"

"बरा हाय."

तिनं हात धरला होता, पण ओढेना.

"आजी, खळ्यावर न्हाईस तू."

मी खोपीकडं पाहिलं, विहिरीकडं पाहिलं. आसपास कुणी नव्हतं.

"दुखतो," मी म्हणाले. "लई दुखतो. पाऊसकाळापासून."

"मग सांगितलं का न्हाई?"

डॉक्टरीणबाईंचेच शब्द. तेव्हा उत्तरासाठी मी शाऊच्या तोंडाकडं पाहिलं होतं. आताही माझी मान तिच्याकडंच वळली. पण तिच्या तोंडावर माझ्यासाठी उत्तर नव्हतं, आणि ते मी दिल्याशिवाय ती हात ओढणार नव्हती.